दप्तर सगळ्यात शेवटी घ्या: सोलापूरच्या पालकांसाठी शाळेची तयारी

मे निम्मा सरला की नवी पेठेत दुकानांच्या दारात दप्तरं लटकायला लागतात आणि पोरं आईचा पदर ओढायला लागतात. बहुतेक घरांत पहिली खरेदी दप्तराची होते, मग बाटली, मग कंपास. उत्पन्नाचा दाखला, आधारवरची चूक, मुलाचं बँकेतलं खातं ही कामं राहतात जूनच्या शेवटावर, म्हणजे नेमकी सेतू केंद्रावर रांग लागते तेव्हा. मी शाळेत शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयातल्या टेबलाशीही बसते. दर जूनला हीच धावपळ दिसते.

म्हणून मी पालकांना क्रम उलटा करायला सांगते. ज्या कामाला दुसऱ्याची सही, शिक्का किंवा शिलाई लागते ते आधी. दुकानात जाऊन अर्ध्या तासात आणता येतं ते शेवटी. विदर्भ सोडला तर राज्यातल्या शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास उघडतात. तिथून मागे मोजत आलात तर कागदांची कामं एप्रिल-मेमध्ये पडतात, शिलाई मेमध्ये आणि वह्या-दप्तर जूनच्या पहिल्या आठवड्यात.

कागद: सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश

घरातले सगळे कागद एकदा जमिनीवर पसरा. मुलाचा जन्मदाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला, रेशनकार्ड, आई-वडिलांचं आधार, जातीचा दाखला असेल तर तो, आणि बँकेचं पासबुक. आता प्रत्येकावरचं मुलाचं नाव मोठ्याने वाचा. मराठीतलं वाचा, इंग्रजीतलं तर एकेक अक्षर करून वाचा.

सोलापुरात ही अडचण इतर शहरांपेक्षा जास्त येते, कारण आपल्याकडे घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि अर्जात इंग्रजी असतं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आडनाव आधी आणि नाव नंतर लावायची पद्धत आहे. दवाखान्यात एक नोंद होते, आधार केंद्रावर दुसरी. लक्ष्मी हे नाव एका कागदावर इंग्रजीत एक्स घालून लिहिलेलं आणि दुसऱ्यावर के-एस-एच घालून. आई म्हणते, "बाई, घरी सगळे लक्ष्मीच म्हणतात की! मग चुकलंय कुठं?" तिच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही. पण संगणकाला ती दोन वेगळ्या मुली वाटतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तिथेच अडकतो.

जन्मदाखला हा मूळ कागद धरा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्या. दाखल्यावर मुलाचं नावच नसेल, नुसतं आई-वडिलांचं असेल, तर जिथे जन्माची नोंद झाली त्या कार्यालयात अर्ज करून नाव घालून घेता येतं. जन्म नोंदवल्यापासून वर्षभरात ते फुकट होतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत फी भरून. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे. बाळ अजून मांडीवर असेल तरी हे काम आत्ताच उरकून टाका.

आधारचं असं असतं. पाच वर्षांखालच्या बाळाच्या आधारात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर एकदा आणि पंधरा पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा ठसे, डोळे आणि फोटो द्यावे लागतात. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयांत ते मोफत होतं. पहिलीत जाणाऱ्या आणि दहावी-अकरावीच्या मुलांचं हे हमखास राहिलेलं असतं. सुट्टीत केंद्रावर नेलंत तर शाळा बुडत नाही.

शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख किंवा जात चुकलेली असेल तर मूल त्या शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. पुढची मंजुरी शिक्षण विभागाकडून घ्यावी लागते, वेळ लागतो, पण काम होतं. एकदा दाखला घेऊन मूल बाहेर पडलं की हीच दुरुस्ती फार जिकिरीची होते. त्यामुळे चौथी, सातवी आणि दहावी या शाळा बदलायच्या इयत्ता असतील तर दाखला हातात पडताच तिथेच उभं राहून वाचा.

पहिली ते आठवीसाठी आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. कामासाठी भिवंडीला किंवा पुण्याला जाऊन परत आलेल्या घरांना याचा उपयोग होतो. मुलाला वर्गात बसवा, कागद मागून येऊ द्या.

उत्पन्नाचा दाखला सेतूत, महा ई-सेवा केंद्रात किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून मिळतो. अर्ज केल्यावर तो हातात पडायची मुदत साधारण १५ दिवसांची आहे. जातीच्या दाखल्याला त्याहून जास्त वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा लागतो, म्हणून एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की लगेच काढा. मेमध्ये काढलात तरी चालेल. जूनमध्ये दहावी-बारावीचे विद्यार्थी आणि तुम्ही एकाच रांगेत उभे राहाल.

पहिलीच्या वयाचा घोळ दरवर्षी होतो. राज्यातल्या नियमाप्रमाणे त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. काही महिने कमी पडत असतील तर तारखेशी खेळू नका. खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांची प्रक्रिया शाळा उघडायच्या कितीतरी आधी, ऑनलाइन होते आणि सोडत निघते. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. धाकट्याला पुढच्या वर्षी घालायचं असेल तर दिवाळीनंतर शाळेत जाऊन चौकशी करत राहा.

हक्काचे पैसे, जे कुणी घरी आणून देत नाही

या शहरात घरोघरी विड्या वळल्या जातात. विडी कामगाराच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे: पहिली ते चौथीला वर्षाला १,००० रुपये, पाचवी ते आठवीला १,५००, नववी-दहावीला २,००० आणि अकरावी-बारावीला ३,०००. त्यापुढच्या शिक्षणाला रक्कम वाढते. आईचं विडी कामगार ओळखपत्र, आधीच्या वर्षाची गुणपत्रिका, उत्पन्नाचा पुरावा आणि बँक खातं एवढं लागतं. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नव्याने भरायचा. गेल्या वर्षी मिळाली म्हणून यंदा आपोआप येत नाही, इथे फार आया फसतात.

वडील गवंडी, सेंट्रिंग किंवा रंगकामावर असतील आणि बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंदणी चालू असेल, तर पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीसाठी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीसाठी ५,००० रुपये मिळतात. वर्गात ७५ टक्के हजेरी हवी. नोंदणीचं नूतनीकरण संपलेलं असेल तर आधी ते करा, नाहीतर अर्ज भरून हात हलवत बसाल.

दोन्हीकडे अडकतं ते बँकेत. खात्याला आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि सरकारी अनुदान त्या खात्यात पडेल अशी जोडणी होणं वेगळं. बँकेत जाऊन "आधार सीडिंगचा फॉर्म द्या" असंच म्हणा. काउंटरवर "लिंक आहे की" असं उत्तर मिळालं तर अनुदान याच खात्यात येईल ना, एवढं विचारून मगच निघा.

गणवेश

देशभरातल्या शाळांचे गणवेश ज्या गावात शिवले जातात त्या गावात आपण राहतो, तेव्हा कापड बघून घ्यायला लाजू नका.

जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत मूल पहिली ते आठवीत असेल तर दोन गणवेश आणि बूट-मोजे शासनाकडून मिळतात. ते पहिल्याच दिवशी हातात पडतील असं धरून चालू नका, आणि घाबरून नवे घेऊही नका. मुख्याध्यापकांना विचारा. तोवर गेल्या वर्षीचा चालवा. कुठल्याही चांगल्या शाळेत पहिल्या आठवड्यात यावरून मुलाला कुणी बोलत नाही.

विकत घेताय तर आधी पँट उलटी करा. पायाच्या मोरीला आतून कापड किती दुमडलंय ते बोटांनी मोजा. तीन बोटं असेल तर दिवाळीनंतर उसवून लांबी वाढवता येते, एकच बोट असेल तर ती पँट एका वर्षाची आहे असं समजा. मग दोन पायांमधली शिवण बघा. एकेरी धावटीप असेल तर पोरगं रिक्षात चढता-उतरताना तिथेच उसवणार. घरी मशीन असेल तर त्या शिवणीवर घालायच्या आधीच दुसरी टीप मारा. कंबरेत नुसतं इलॅस्टिक असेल तर ते सैल पडलं की बदलता येईल असं तोंड उघडं आहे का बघा. स्कर्टच्या चुण्या किती खोल आहेत हेही पाहा, कापड वाचवायला त्या उथळ घातलेल्या असतात आणि मुलीला पाय टाकता येत नाही. शर्टाच्या बगलेत हात घालून ताणा. वर्गात हात वर करताना तो तिथेच फाटतो.

आता किती जोड घ्यायचे. इथे हिशोब कपाटाचा नाही, नळाचा आहे. सोलापुरात पाणी रोज येत नाही, धुणं पाण्याच्या दिवसावर ठरतं. दोन जोडांत आठवडा काढायचा तर एक दिवस मळका शर्ट घालून जावं लागतं. पण तिसरा पूर्ण जोड घ्यायची गरज नाही. पँट किंवा स्कर्ट दोन-तीन दिवस निघतो, घामाने खराब होतो तो शर्ट. दोन पँटी आणि तीन शर्ट घ्या, शंभर-दीडशे रुपयांची तरी बचत होते. मोजे मात्र भरपूर ठेवा.

शिवायला टाकणार असाल तर मे संपायच्या आत टाका. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक टेलर "उद्या या" म्हणतो, आणि त्यालाही दोष नाही.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर चालून पाय थोडा पसरलेला असतो. मोजे घालूनच मापा, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबायचा प्रकार नको, मूल चालताना अडखळतं.

आणि रेनकोट? मुंबई-पुण्याच्या जाहिराती बघून आपल्याकडेही जूनमध्ये रेनकोटची झुंबड उडते. सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरातला. जूनमध्ये अधूनमधून सरी येतात, पण ऊनही असतं. तेच पैसे टोपी आणि चांगल्या बाटलीला घाला.

पुस्तकं, वह्या आणि अखेर दप्तर

जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. शाळेत विचारल्याशिवाय एकही विकत घेऊ नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत, अभ्यासापुरतं मोबाइलवर उघडता येतात.

शेजारच्या मोठ्या ताईची जुनी पुस्तकं घेणं हा चांगला मार्ग आहे, पण सध्या तपासून घ्यावं लागतं. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आणि वरच्या इयत्तांचा टप्प्याटप्प्याने बदलतोय. शाळेच्या यादीशी ताडून मगच घ्या. नववी-दहावीच्या पुस्तकांत समासात लिहिलेल्या टिपा असतील तर ती पुस्तकं नव्यापेक्षा कामाची.

वह्या शाळेची यादी आल्यावरच. एकेरी, दुरेघी, चाररेघी, चौकटी यांतलं कुठलं हवं ते दरवर्षी वर्गशिक्षिकेवर ठरतं. खाजगी शाळा अमुकच दुकानातून घ्या म्हणत असेल तर तशी सक्ती करता येत नाही, यादी मागून घ्या आणि कुठूनही खरेदी करा. ज्या घरात पगार आठवड्याला येतो त्यांनी मेच्या पहिल्या आठवड्यापासून थोडं-थोडं घ्यावं: एका आठवड्यात बूट, एका आठवड्यात शर्ट. सगळं एकदम घेताना उधारी होते, आणि मग तीच उधारी गणपतीपर्यंत फिटत नाही.

दप्तराचं वजन पुस्तकांसकट मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं, असा शासनाचाच निर्णय आहे, २०१५ चा. २२ किलोच्या मुलाला म्हणजे सव्वादोन किलोही नाही. त्यात एक लिटर पाण्याची बाटली एक किलोची. त्यामुळे रिकामं दप्तर हातात उचलून घ्या. चाकं, कार्टूनचा उठावदार चेहरा, सात कप्पे या सगळ्याचं वजन लेकराच्याच पाठीवर येतं. पट्टे रुंद आणि मऊ हवेत, दप्तराचं बूड कंबरेच्या खाली लोंबू नये. गेल्या वर्षीच्या दप्तराची नुसती चेन गेली असेल तर ती बदलून मिळते आणि दप्तर अजून दोन वर्षं जातं. पोर रुसेल. रुसू दे, त्याला हवी तशी बाटली घेऊन द्या.

पहिलीत जाणाऱ्यांसाठी घरातली तयारी

आयांचा पहिला प्रश्न असतो, "एबीसीडी येते, अंक शंभरपर्यंत येतात, अजून काय घेऊ करून?" माझं उत्तर ऐकून त्यांची निराशा होते. पँटचं बटण लावता-काढता येऊ दे. डबा स्वतः उघडता येऊ दे, म्हणून घट्ट झाकणाचा डबा घेऊ नका. बाथरूमला जायचंय हे अनोळखी माणसाला सांगता येऊ दे. पहिल्या महिन्यात वर्गात रडणारी निम्मी मुलं या तीनपैकी एकाने अडलेली असतात.

घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू आणि शाळा मराठी असेल, तर घरचं बोलणं बंद करून तोडक्यामोडक्या मराठीत बोलायला लागू नका. आजी तेलुगूत गोष्ट सांगते ती सांगू दे. गोष्ट ऐकायची, पुढे काय झालं ते सांगायचं, ही सवय ज्या भाषेत लागते त्या भाषेतून मूल ती वर्गातही आणतं. मराठीची सात-आठ वाक्यं मात्र खेळत-खेळत पाठ करून घ्या: पाणी प्यायचंय, पोट दुखतंय, मला कळलं नाही, याने मारलं. बाकीचं वर्गात येतं, मुलं मैदानावर आमच्यापेक्षा लवकर शिकतात. महापालिकेच्या शाळांत उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमही आहे, घरून लांब पडत नसेल तर तोही विचार करावा.

जिल्हा परिषद शाळांत 'पहिलं पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो. मुलाला नक्की न्या. आईने सोबत थांबावं.

झोप, डबा, रिक्षा

उन्हाळ्यात आपण गच्चीवर बारापर्यंत जागतो. ते पहिल्या दिवशी एकदम बदलत नाही. जून लागला की दर दोन दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. सहा ते बारा वयाच्या मुलाला नऊ तास तरी झोप हवी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलंय, तेव्हा लहानग्यांची शाळा किती वाजता भरते ते आधीच विचारून घ्या.

डब्याला सोलापूरकरांना शिकवायची गरज नाही. उन्हाच्या दिवसांत ओलं खोबरं आणि दह्यात कालवलेलं काही दुपारपर्यंत टिकत नाही. चपातीला शेंगाचटणी आणि थोडं तेल, किंवा सकाळी केलेले धपाटे, हे टिकतं.

रिक्षा ठरवताना दर ठरवायच्या आधी एक दिवस सकाळी ती रिक्षा भरलेली बघा. ड्रायव्हरशेजारी मुलं बसवलीत का, उजवी बाजू दांडा लावून बंद आहे का, दप्तरं बाहेर लोंबतात का. आपल्या शहरातून, विशेषतः विजापूर रोड आणि होटगी रोडने, मालट्रक जातात. रिक्षावाले मामा कितीही मायाळू असले तरी खच्चून भरलेल्या रिक्षात मुलाला पाठवू नका. त्यांचा नंबर आणि एकत्र जाणाऱ्या दोन मुलांच्या आयांचे नंबर फोनमध्ये ठेवा. मोटरसायकलवर सोडत असाल तर चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं.

खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे, बाकी विद्यार्थ्यांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात. शाळेचं बोनाफाइड पहिल्याच आठवड्यात घ्या. आषाढीच्या दिवसांत गाड्या पंढरपूरकडे वळतात, नेहमीची फेरी येईलच याचा भरवसा नसतो. त्या चार-पाच दिवसांची वेगळी सोय घरी आधीच ठरवा.

फळ्यावरचं दिसत नाही हे मूल कधीच सांगत नाही, ते पुढच्याच्या वहीतून उतरवतं. सुट्टी संपायच्या आत सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या डॉक्टरांकडे डोळे तपासून घ्या. पाच-सहा वर्षांची आणि दहा वर्षांची लस राहिली असेल तर तीही तेव्हाच.

शाळा सुरू झाल्यावर

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालेल्यांची फेरपरीक्षा जूनमध्ये होते, म्हणजे सुट्टीतच थोडा अभ्यास घ्यायला हवा. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात. नोंदणीचा अर्ज आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम दोन्ही घरात बसून, मुलाला शेजारी घेऊन भरा, सायबर कॅफेवाल्याच्या मर्जीवर सोडू नका.

पहिल्या महिन्यात पालकसभा होते. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. खाजगी शाळेत फीबद्दल पालक-शिक्षक संघाचं म्हणणं घ्यावं लागतं, तसा २०११ चा कायदाच आहे. सभेला वडिलांनाच पाठवायचं असं काही नाही. विड्या वळणाऱ्या आईला त्या दिवशी मजुरी बुडते हे मला माहीत आहे. म्हणून सभेची तारीख आधी विचारून घ्या, संध्याकाळी ठेवायला सांगा, आणि दोन-तीन आया मिळून मुख्याध्यापकांना तसं लेखी द्या.